नदीतला खांब

आई : हे बघ, मला वेड्यात काढू नकोस. चार-पाच महिने बघतेय मी. तो जेवताना तोंड उघडतो, 'आज पुलाचं' एवढंच म्हणतो, आणि तू पाणी आणायला उठतेस. टेबलावर जग भरलेला असतो.

सून : आई, आमचं भांडण झालेलं नाही.

आई : मग तो बाल्कनीत दार लावून काम का करतो? आणि तू झोपायच्या खोलीत? मी चहा घेऊन आले की दोघंही लॅपटॉप मिटता. नवरा-बायको आहात की भाडेकरू? शेवटी तुझ्या आईला फोन केला मी.

सून : माझ्या आईला?

आई : त्याही काळजीत पडल्या. आमचं दोघींचं ठरलंय, तुम्हाला चार दिवस कुठेतरी पाठवायचं. तिकिटं बघून ठेवलीत त्यांनी.

सून : अहो, मला विचारायचं तरी.

आई : विचारलं की 'ऑफिसचं आहे' म्हणतेस. एकाच कंपनीत दोघं, तो चौथ्या मजल्यावर, तू सहाव्या. ऑफिसचं घरात काय भांडण येणार?

सून : आज सांगते. कालपर्यंत सांगता येत नव्हतं. बसा. त्याने नदीवरचा तो पूल डिझाइन केलाय ना, पायी चालणाऱ्यांचा, तो तपासायला माझ्याकडे आला.

आई : नवऱ्याचा पेपर बायको तपासणार?

सून : मीही हेच म्हटलं साहेबांना. लेखी दिलं की नवरा आहे, दुसरं कुणी बघा. पण असल्या पुलाचं गणित येणारे आमच्या ऑफिसात दोघंच, तो आणि मी. साहेब म्हणाले, नवऱ्याची चूक शोधायला बायकोपेक्षा उत्साही माणूस मी कुठून आणू?

आई : संसारी दिसतोय माणूस.

सून : आणि पास-नापास मी ठरवतच नाही. मला फक्त ड्रॉइंग मिळतात, त्याचं गणित मिळत नाही. मी आपलं पहिल्यापासून करायचं. मग दोघांची उत्तरं आमच्या परदेशातल्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई शेजारी-शेजारी ठेवून बघतात. तिसरा डोळा म्हणतो आम्ही त्यांना. आणि तोवर पुलाबद्दल आम्ही दोघांनी एक अक्षर बोलायचं नाही. त्याची रीत कळली की त्याची चूकही माझ्यात उतरणार.

आई : हे मला नको सांगूस. परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारून पाय झिजलेत माझे. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं गं, चूक सारखी आली की समजायचं. पण घरात कसं जमवलंत? एका ताटात जेवणारी माणसं तुम्ही.

सून : तो वाक्य सुरू करायचा आणि मी पाणी आणायची.

आई : बरं, मग निकाल कधी?

सून : आज. मीटिंग संपलीही असेल एव्हाना. त्याला बोलावलंय, मला नाही. ऑफिसात बसून हात चालले नसते म्हणून रजा टाकली.

आई : म्हणून सकाळपासून तोच ओटा पुसतेयस. आणि नाही जुळलं तर?

सून : तर पूल हेड ऑफिसकडे जातो. ते त्यांच्या पद्धतीने करतील, जाडजूड. त्याने जे मनात धरलं होतं त्यातलं काही उरणार नाही. आधीच तो खांब घालावा लागला.

आई : कुठला खांब?

सून : नदीच्या मधोमध. त्याला नदीत काहीच नको होतं. एका कमानीवर पूल, ह्या काठावरून थेट त्या काठावर. हेड ऑफिसचे मोठे साहेब म्हणाले, इतकं सडपातळ काही उभं राहत नाही. खांब घाला, नाहीतर काम आम्ही घेतो. तुमच्यासारख्या छोट्या ऑफिसने उड्या मारू नयेत, असंही म्हणाले.

आई : त्या दिवशी जेवला नव्हता तो. मला म्हणाला पोट बिघडलंय. मी मेलीनं त्याला औषध पाजलं.

सून : आणि तो निमूट प्यायला.

आई : बरं, तुझं गणित काय म्हणतं ते तरी सांग.

सून : ते आधी त्याला कळू दे.

आई : चांगलं की वाईट, एवढंच सांग.

सून : आई, दारात चावी वाजतेय.

(मुलगा येतो. बूट न काढता तसाच आत.)

मुलगा : तू उठू नकोस. पाणी नको मला. बसूनच राहा.

आई : अरे, तोंड असं काय झालंय? काय झालं ते बोल.

मुलगा : जुळलं, आई. सगळं जुळलं. कमान, दोन्ही काठांवरचा पाया, वारा, माणसं चालताना होणारी हालचाल, सगळं. बाई पान उलटायच्या, 'जुळतंय' म्हणायच्या, पुढचं पान. दुसरा शब्द नाही. मोठे साहेब स्क्रीनवर हाताची घडी घालून बसलेले. मग खांबाचं पान आलं आणि बाईंनी चष्मा काढला.

सून : हं.

मुलगा : 'हं' काय म्हणतेस? तू खांब काढलास.

आई : काढला म्हणजे? अजून बांधलेला तरी कुठाय?

सून : गणितात काढला, आई. एकेक आधार काढून बघावाच लागतो. एखादी बोट आदळून खांब गेला, तर पूल माणसांसकट खाली यायला नको.

मुलगा : त्यासाठी पुलावर थोडीच माणसं धरली तरी चालतं. नियम तेवढंच मागतो. हिने खांब काढला आणि पूल गच्च भरला, वर वादळ सोडलं, वर कडक ऊन. तरी पूल उभा, सगळ्या नियमांत बसून. बाई म्हणाल्या, ह्या खांबाचं इथे काम काय, ते मला कुणीतरी सांगा.

आई : मग?

मुलगा : मोठे साहेब म्हणाले, सेफ्टीसाठी आहे. तर बाईंनी माझं पहिलं गणित मागवलं, खांबाशिवायचं, साहेबांनी न वाचता परत पाठवलेलं. हिच्या गणिताशेजारी ठेवलं. जुळलं. बाई साहेबांना म्हणाल्या, दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून एकच उत्तर काढलंय. तुम्ही काय मोजलंत?

आई : काय म्हणाले?

मुलगा : घडी सोडली हाताची. बाई म्हणाल्या, काढा तो खांब. नदी मोकळी झाली, आई. माझा पूल मला परत मिळाला.

आई : म्हणजे इतके दिवस तो खांब कागदावर नुसता शोभेचा गणपती होऊन, जाऊ दे, नुसता फुकट्या उभा होता. आणि तुमच्या त्या साहेबांनी माझ्या पोराला उपाशी झोपवलं. त्यांचा नंबर असला तर दे.

मुलगा : नको, चांगले वागले शेवटी. म्हणाले, चूक माझी, आणि ह्या नदीवरचे पुढचे दोन पूलही तुमच्याच ऑफिसने करायचे. आमचे साहेब तर तडक सहाव्या मजल्यावर गेले, हिचा हात हातात घ्यायला. खुर्ची रिकामी बघून खाली आले आणि मलाच मिठी मारली.

आई : बसा रे दोघं. मला जरा डोळे पुसू द्या. आनंद झाला की मेलं असंच होतं माझं.

मुलगा : तुला हे कधी कळलं?

सून : महिना झाला असेल.

मुलगा : महिनाभर मी तुझ्यासमोर बसून मनातल्या मनात त्या खांबाला शिव्या घालत होतो, आणि तुला माहीत होतं?

सून : शिव्या चेहऱ्यावर दिसत होत्या. उत्तर आलं त्या दिवशी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि हसले. हसू आवरेचना.

आई : अगं, मला वाटलं रडतेयस. त्यावरून तर तुझ्या आईला फोन लावला मी.

मुलगा : नुसता एक इशारा करायचास गं.

सून : केला असता तर तू त्याच पावली साहेबांना जाऊन सांगितलं असतंस. तुला राहवलं नसतं. मग मोठे साहेब म्हणाले असते, बायकोच ती, नवऱ्याला हवं तेच उत्तर काढणार. माझ्या इतक्या महिन्यांच्या कामाला काही किंमत उरली नसती. आणि खांब नदीत राहिला असता.

मुलगा : खरंय. राहिला असता.

सून : मला सोपं गेलं असं वाटलं का तुला?

मुलगा : नाही. आता बोल ना. इतक्या महिन्यांचं साठलंय, पुलाबद्दल काहीही बोल.

सून : सुंदर आहे रे. ड्रॉइंग पहिल्यांदा उघडलं तेव्हाच सांगायचं होतं.