पिशवीभर मेंढ्या

सॅस्कटूनच्या कर्करोग रुग्णालयात लुएला मुलीची वाट पाहत बसली होती. मुलीच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध चालेनासं झालंय, हे तिला तासाभरापूर्वीच कळलं होतं. शेजारी दोन म्हातारे शेतकरी बोलत होते.

“ओरेस्ट, एवढं जहाल औषध घेतलंस. तरी तुझा रोग मेला कसा नाही रे?”

“मेला की. पण कोट्यवधी पेशींतली एखादी उरली. गॉर्डी, तुझ्या खालच्या शेतातलं तण आठव.”

“ते हरामखोर फवारणीला सरावलं होतं.”

“सरावलं नव्हतं. त्यातलं एखादं रोप आधीपासूनच तसं होतं. बाकीची मारून आपणच त्याला रान मोकळं करून दिलं.”

“बाप रे. मी तर शेवटी ते तण चरायला मेंढ्या सोडल्या.”

“माझ्याही आज येतायत. माझ्याच रक्तातल्या पेशी नेल्या, त्यांना रोग ओळखायला शिकवलं, आता परत सोडणार.”

“किती मोठा कळप?”

“कॉफीच्या कपात मावेल एवढी पिशवी.”

गॉर्डीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आणि चरून झाल्यावर त्यांना परत कोण आणणार?”

“कुणी नाही. डॉक्टर म्हणतात, तिथंच राहतील, राखण करत.”

मग लुएला त्यांच्याकडे वळली.

“काका, त्या मेंढ्या एकोणीस वर्षांच्या पोरीलाही देतात का हो?”