उघडा गल्ला

आई : …आणि आजही एकच बटण. कोटाचं, काळं. अरे, रोज एकेक बटण नेणाऱ्याचा तो कोट तरी कसला असेल?

मुलगा : नेऊ दे की. विकायलाच बसलोय आपण.

आई : विकतेच आहे. पण पैसे देतो ते तुझ्या त्या फोनमधल्या नाण्यांत. बटणापेक्षा पाठवणावळ जास्त पडत असेल मेल्याला.

मुलगा : हौस असते एकेकाला. म्हणून तर काउंटरवर कोड चिकटवलाय. आता शिंपीसुद्धा तसेच देतात, लेसवाला व्यापारी तसेच घेतो. तुझी बँकेतली रांग वाचली, ते नाही सांगत.

आई : रांगेत चार माणसं भेटायची रे. बरं, ते जाऊ दे. आज तो काय म्हणाला, ऐक. “काकू, दुकान एवढंसं दिसतं, पण पुंजी मोठी आहे हो तुमची.”

मुलगा : बोलायची पद्धत असते.

आई : मग त्यानं आकडा सांगितला. लेसवाल्याला काल दिले, ते वजा करून. मी हसले. म्हटलं, एवढे असते तर मी इथे बटणं निवडत बसले असते का?

मुलगा : कितीचा आकडा?

आई : तू मला घराचं सांगितलं होतंस ना, भांडवल आणि घरासाठी साठवलेलं मिळून जेवढं? त्यातून कालचे लेसवाल्याचे गेले की अगदी तेवढा.

मुलगा : (फोन उघडून बघतो) बरोबर आहे.

आई : तुझ्या खिशातलं त्याला कोणी सांगितलं?

मुलगा : सांगावं लागत नाही, आई. या नाण्यांची नोंद ज्या साखळीवर होते, त्या ब्लॉकचेनवर, प्रत्येक व्यवहार साऱ्या जगाला दिसतो. फक्त नाव दिसत नाही. नुसता लांबलचक पत्ता असतो, तो कुणाचा ते कळत नाही.

आई : आणि तो पत्ता तू काउंटरवर चिकटवलास.

मुलगा : दर गिऱ्हाइकाला नवा पत्ता काढून द्यायचा असतो खरा. मी कंटाळा केला. एकच छापला, आणि सगळे पैसेही त्याच पत्त्यावर ठेवले.

आई : तुझे बाबा गल्ला उघडायचे ते गिऱ्हाइकाकडे पाठ करून. सख्खा भाऊ समोर असला तरी. म्हणायचे, माल दाखवावा, गल्ल्याचा तळ दाखवू नये. तू तर गल्लाच रस्त्यात मांडलास.

मुलगा : बघून काय करणार तो? पैसे काढायला परवलीचे बारा शब्द लागतात. ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत. कुठे लिहिलेलेही नाहीत, फक्त डोक्यात आहेत.

आई : हं.

मुलगा : हं काय?

आई : हेच मी त्याला सांगितलं.

मुलगा : आई!

आई : त्यानं विचारलं, तुम्हालाही येत असेल ना हे सगळं? म्हटलं, छे, लेकाच्या डोक्यात आहे. लहानपणी पाढे एकदा ऐकून म्हणायचा. कौतुकच केलं रे तुझं!

मुलगा : आणखी काय काय सांगितलंस?

आई : आपलं नेहमीचंच. वर राहतो. सून परगावी नोकरीला, शनिवारी येते. दुपारी मी खाली असते, तू वर पडतोस. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी असंच बोलत आले मी. त्याशिवाय का माणसं टिकली?

मुलगा : शटर ओढतो.

आई : भर दुपारी? म्हणजे आपण घाबरलो हे त्याला कळायला. आधी पैसे हलव. दुकानात कुणी उगाच घुटमळायला लागलं की बाबा मला डोळ्यानं खुणवायचे. मी गल्ल्यातलं सगळं उचलून अस्तराच्या ताग्यात खोचायची. रिकाम्या गल्ल्याला कोण हात लावतो?

मुलगा : हो… हो, हलवतो. कोऱ्या पत्त्यावर टाकतो. तो आपला आहे हे त्याला कुठून कळणार?

आई : वर जाऊन कर. कडी लाव. आला तर सांगते, तू गावात नाहीस.

(मुलगा वर जातो. थोड्या वेळानं तेच बटणाचं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येतं.)

गिऱ्हाईक : नमस्कार, काकू.

आई : या, या. आणखी एक बटण ना? काढते.

गिऱ्हाईक : आता बटण नको. चिरंजीव आहेत का?

आई : नाही हो. सकाळीच गेला बायकोकडे. आणि वेंधळा असा, की फोन घरीच विसरला. त्यामुळे त्याला काही करताही यायचं नाही बघा.

गिऱ्हाईक : असं होय.

आई : काही निरोप असला तर द्या. दोन दिवसांनी येईल.

गिऱ्हाईक : काकू, खोटं बोलायची सवय नाही हो तुम्हाला. त्यांनी आत्ताच सगळे पैसे हलवले. मी समोरच्या पायरीवर बसून बघत होतो. कुठे गेले तेही दिसतं त्यात.

आई : …मी ओरडेन हं.

गिऱ्हाईक : कशाला? मला फक्त बोलायचंय त्यांच्याशी. तुम्ही बसा. जिना चढला की गुडघे दुखतात ना तुमचे.