मोडनिंबच्या माळावरचे विमान

माढा पोलीस ठाणे, ऑक्टोबर सन १९३१.

मी, गोजाबाई कोम बिरप्पा, वय अंदाजे पस्तीस, जात धनगर, धंदा मेंढरे राखणे, राहणार मोडनिंब, तालुका माढा. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

टोळांच्या पिलांवर औषधाची पूड टाकण्यासाठी सोलापूरहून विमान आले होते. ते आमच्या चराऊ माळावर उतरत असे. पूड विषारी, म्हणून मेंढरे ओढ्यापलीकडे नेण्यास सांगितले व आम्ही नेली. माळ गेल्याच्या रागाने माझा नवरा बिरप्पा याने गोफणीचा दगड मारून विमान पाडले, असे गावात बोलतात. त्यावरून त्यास ठाण्यात आणले आहे. ते खरे नाही. त्यावेळी तो माझ्याजवळच बसून अडलेली मेंढी सोडवीत होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

विमान चालविणारे मुकुंदराव कोवळ्या वयाचे होते. सकाळी मी त्यांना दूध देत असे. त्या दिवशी दूध देताना त्यांचा मिस्त्री गुंडा म्हणाला, "साहेब, पेटीच्या दोराचं पीळ सुटल्यात. बदलतो, मग जावा." तो दोर ओढला म्हणजे पेटीतून पूड पडते. मुकुंदराव म्हणाले, "ऊन चढलं की वारा सुटतो, पूड उडून जाते. एवढी फेरी होऊ दे."

मी ओढ्याच्या काठी उभी राहून बघत होते. ज्वारीवरून विमानाची सावली पाण्यातल्या माशासारखी सरकत होती. आवाज मागाहून येत होता. त्यांनी मला हात केला. मीही केला. शेतावर आल्यावर पूड पडेना. ते खाली वाकून दोर ओढू लागले. त्यांचे डोके दिसेनासे झाले. विमानात कोणीच नाही व ते आपल्या मनाने चालले आहे, असे मला वाटले. पुढे लिंबाचे झाड होते. मी ओरडले, "बाबा, वर बघ की!" त्यांना ऐकू गेले नसावे.

झाडावर आपटून पेटी फुटली. पूड वर उडाली व बराच वेळ खाली येत राहिली. झाड पांढरे झाले. आम्हीही झालो. पाखरू ओरडत नव्हते. माझा नवरा मेंढी तशीच टाकून धावला व त्यानेच त्यांना बाहेर ओढून काढले. ती मेंढी वाचली नाही.

मी त्यांचे डोके मांडीवर घेतले. तोंडावरची पूड पदराने पुसली. त्यांनी डोळे उघडून विचारले, "मावशी, पूड पडली का?"

मी म्हणाले, "व्हय, पडली की. लई पडली."

ते "बरं झालं" म्हणाले. पुढे बोलले नाहीत.

तुटलेला दोर गुंडा मिस्त्रीने ठाण्यात आणून दिला आहे. तो पाहून फौजदारसाहेबांनी माझ्या नवऱ्यास सोडतो असे आत्ता सांगितले.

मुकुंदरावांची आई सोलापुरात नवी पेठेत असते, असे कळते. तिला दोराचे काय ते कळवावे. पूड पडली होती, हेही कळवावे.

हवालदारांनी लिहिलेले मोठ्याने वाचले, मी ऐकले. मी बोलले तसेच आहे.

निशाणी डावा अंगठा, गोजाबाई.