अननसातली कात्री

तुम्ही आम्रखंडाचं कौतुक सांगताय, आमच्याकडे एका पाडव्याला अननसाच्या श्रीखंडावरून युद्ध पेटलं होतं. बायोकेमिस्ट्रीची डिग्री घेऊन मी नुकतीच हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागले होते. आदल्या दिवशी सासूबाई चक्क्यात ताजा अननस चिरून घालत होत्या. मी म्हटलं, "आई, आधी शिजवून घेऊ या का?" तर म्हणाल्या, "कॉम्प्युटरवाल्यांनी स्वयंपाकघरात बोलू नये."

पाडव्याला पाहुणे पहिल्या घासालाच थबकले. श्रीखंड कडू! सासूबाईंनी पदर खोचला. "डेअरीवाल्याला दाखवतेच आता."

मी दारात आडवी उभी राहिले. "थांबा. त्याचा चक्का चांगला आहे, मी सिद्ध करते."

उरलेल्या चक्क्यात साखर घालून दोन वाट्या केल्या. एकीत कच्चा अननस घातला, दुसरीत शिजवून गार केलेला. संध्याकाळी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली कडू निघाली, दुसरी गोड.

"दुधातलं प्रोटीन म्हणजे लांबलचक माळ. कच्च्या अननसातलं एंझाइम ती कात्रीसारखी कापतं आणि ते तुकडे कडू लागतात. शिजवलं की कात्रीचा आकारच बिघडतो, मग ती कापत नाही."

"मग हे कालच का नाही सांगितलंस?"

मी गोड वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आले, तर गॅसवर अननस रटरटत होता. मागे वळूनही न बघता सासूबाई म्हणाल्या, "या, कॉम्प्युटरवाल्या. कात्री मोडली का बघा, मगच मी चक्का बाहेर काढते."