झाकणाच्या आतलं नाव

हॅलो? … हाव, सिद्रामप्पाच बोलतो, माझ्या दुकानात दुसरं कोण उचलणार? … अक्षरा? आवाज कामून असा येऊन राहिला? … हळू बोल माय. कुठं हायस? … नांदेडातच, घड्याळाच्या दुकानात? सासरेबी संगं हायेत?

बरं. लग्नात जावयाला घातलेल्या घड्याळाचा पट्टा ढिला व्हता, कडी काढायला गेलात… हं… आन दुकानदारानं सहज म्हणून मागचं झाकण खोललं… आन म्हणला, फर्स्ट कॉपी हाय. … सगळ्यांसमोर म्हणला?

खरं बोलला तो. … अगं ऐक ना. ऐक. कॉपीच हाय. … रडू नको, इथं गिऱ्हाईक बसलंय.

फसवलं न्हाई गं तुझ्या नवऱ्याला. लग्नाआधी महांतेश औशाला आला तवा त्याच्यापुढं दोन घड्याळं ठेवली. म्हणलं, जावईबापू, हे ओरिजनल पण साधं. हे मोठ्या नावाचं, पण कॉपी. पसंत तुमची. … त्यानंच उचललं. … मग आता गप कामून उभा हाय? … बापापुढं? … असू दे. आमच्या बापापुढं मीबी असाच उभा राहायचो.

हाव, हाव, मांडवात लोक म्हणले, सिद्रामप्पानं जावयाला लाखाचं घड्याळ घातलं. … मी? मी काय न्हाई म्हणलो. … चुकलंच ते. तुझ्या सासऱ्यांना तवाच सांगायला पाहिजे व्हतं. पण छाती अशी फुगली, तोंडच उघडंना. … लाखासाठी न्हाई गं, येडे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं नीट करून राहिलो, माझं काम कोणाला दिसलं कधी? त्या दिशी शंभर माणसानं हातात घेऊन पाहिलं.

तुला काय ठावं किती जीव लावला त्याच्यात. आलं तवा तारखेचा आकडा जाड व्हता, ओरिजनलला तसा नसतो. चकती बदलली. बाराची खूण केसभर तिरकी व्हती, सरळ केली. सगळं मशीन खोललं, तेल दिलं, तीन आठवडे चाल बसवली. दिवसाला दोन सेकंद पुढं जातंय. दोन. … सासरे ऐकून राहिलेत? ऐकू दे.

त्या दुकानदाराला विचार, बाहेरून वळखलं का? … न्हाई ना. झाकण काढल्यावरच. … मला वाटलंच.

झाकण हाय का त्याच्या हातात अजून? आतून बघायला लाव. … अगं, घड्याळ दुरुस्त केलं की आम्ही झाकणाच्या आतल्या अंगाला सुईनं खूण करतो, तारीख टाकतो. त्यालाबी ठावं असंल. भिंग लाव म्हणावं, बारीक लिवलंय.

सापडलं? मोठ्यानं वाचू दे. … हाव. ‘कॉपी हाय. जावयाला सांगून दिली. मशीन सिद्रामप्पानं लावलं, औसा.’ … तारीख वाच. … लग्नाच्या आधीची हाय ना? तोंडानं बोललो न्हाई, पण लिवून ठेवलं व्हतं.

… हसून राहिलेत? कोण, सासरे? … दे, दे त्यांच्याकडं फोन.

शरणु, शरणु, शिवशंकरआप्पा. … न्हाई, न्हाई, माफी मी मागतो. मांडवात गप बसलो ही माझी चूक. … तो तुमचा मोठेपणा. महांतेशला रागवू नका तेवढं. … काय म्हणता? तुमचं? दुबईहून आणलेलं? ते तर ओरिजनल, पावतीसगट. … मागं पडतं? … रोज चार मिनिटं?

मग तुमच्या म्होरंच दुकानदार बसलाय की, दाखवा त्याला. … तो काय म्हणला? … औशाला पाठवा म्हणला? ज्यानं हे लावलं त्याच्याकडंच?

आप्पा, थांबा जरा. फोन स्पीकरवर टाकतो, इथल्या गिऱ्हाईकालाबी ऐकू द्या. हां, म्हणा आता परत. …

हाव. देईन की नीट करून. पाठवा महांतेशच्या हातानं. पण एक आधीच सांगून ठेवतो. तुमचं ओरिजनल असलं तरी झाकणाच्या आतून माझं नाव पडंल. … चालंल ना? … मग ठेवतो.