बाहेरची कडी

मी परीक्षेच्या खोलीत बसले न बसले तोच बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला आणि मी दचकून उभीच राहिले. तुम्ही हसा खुशाल, पण भोरच्या मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायला मिळणार की नाही, हे त्या परीक्षेवर होतं. परीक्षक पुण्याचे, पगडीवाले. त्यांनी आधीच बजावलं होतं, "एक मराठी शब्द आला की नापास."

माझा निबंध वाचून त्यांनी मान डोलावली. बोलणंही बरं झालं. मग मी जायला उठून दार ओढलं, तर उघडेना! मी घाबरत घाबरत इंग्रजीत तसं सांगितलं.

साहेब शांतपणे इंग्रजीतच म्हणाले, "मग हाक मारा. तीही परीक्षाच समजा."

"ओपन द डोअर!" मी ओरडले.

"प्लीज राहिलं."

"प्लीज ओपन द डोअर!"

"आवाज फार कापतोय. पुन्हा."

अशा कितीतरी हाका झाल्या. बाहेर शाळेचा शिपाई धोंडिबा असायला हवा होता, पण हूं की चूं नाही. एवढ्यात पुण्याला जाणाऱ्या शेवटच्या मोटारीचा भोंगा वाजला. साहेब ताडकन उभे राहिले आणि चक्क मराठीत ओरडले, "अहो बाई, बघता काय? मराठीत हाक मारा! पास केलं तुम्हाला!"

मी जीव खाऊन ओरडले, "अहो धोंडिबा, दार उघडा हो!"

दाराला टेकूनच बसलेल्या शिपायानं लगेच ओ दिली, "व्हय बाई, उघडतो की! सायबांचाच हुकूम हाय, आतलं इंग्रजी थांबल्याबिगर कडी काढायची न्हाई!"