चिलटांचं म्हातारपण

...आणि वर मलाच विचारतात, ‘अगं, आज यायची होतीस होय?’ आता काय बोलायचं? तुम्हाला सांगते, लग्नानंतरचं पहिलं माहेरपण उरकून पूर्णगडाहून येत होते, पिशवीत आईने कोंबलेली आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, आणि स्टँडवर न्यायला येतो असं यांनी स्वतः फोनवर कबूल केलेलं, म्हणून उभी राहिले. एक यष्टी गेली, दुसरी गेली, चौकशीच्या खिडकीतला माणूस मान बाहेर काढून बघून गेला, शेंगदाणेवाला तर अगदी घरच्यासारखा म्हणाला, ‘ताई, गाडी चुकली काय?’ गाडी नाही हो, नवरा चुकला, असं परक्या माणसाला कसं सांगायचं?

माणूस चांगला, त्यात माझं काही म्हणणंच नाही. तंबाखू नाही, दारू नाही, चढ्या आवाजात बोलणं नाही. पण आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात संशोधन करतात, त्यामुळे वेळ काही उरत नाही. संशोधन कशावर? चिलटांवर! पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, तीच. दोन हजार साल उजाडलं, जग कुठल्या कुठे गेलं, आणि हे आपले बघतायत चिलटं म्हातारी कशी होतात, म्हातारपणी त्यांचा मेंदू काय काय विसरतो... सगळी रत्नागिरी आंब्यावरची चिलटं हाकलते, आणि आमच्याकडे त्यांना बाटलीत घालून, वर कापसाचं बूच लावून, रवा-गूळ शिजवून घालतात. शिजवतं कोण? मीच की! माझ्या आमटीबद्दल आजवर बरं-वाईट अक्षर ऐकलं नाही, पण त्या रव्याबद्दल मात्र, ‘आज छान जमला, सगळी कशी तुटून पडली.’

शेजारच्या जन्नतभाभींचे फारुकभाई कुवेतला असतात, दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. भाभी मला म्हणतात, ‘काय गो, माझा दर्यापलीकडे, तरी आवाज येतो. तुझा इथल्या इथे, त्याचं काय येतं?’ निरोप येतो! कॉलेजातला शिपाई आत्माराम दारातूनच सांगून जातो, सरांना उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या. मी जेवून घेते. सासूबाई-मामंजी तिकडे मुरुडला, इथे माझं म्हणावं असं कोणी नाही, मग दुपारी फोन उचलून नुसता तो ‘टूंऽऽ’ ऐकत बसते... बिघडला तर नाही ना, म्हणून हो.

माणूस चांगला, त्यात काही म्हणणंच नाही. पण त्या दिवशी स्टँडवरून मी रिक्षा केली ती घरी न जाता तडक कॉलेजात. बघते तर हे बाटलीला डोळा लावून बसलेले. यायची होतीस होय, म्हणाले, आणि लगेच, ‘बस, बस, गंमत दाखवतो!’ चेहरा असा उजळलेला, की लग्नातसुद्धा नव्हता.

‘या बाटलीत सगळी एकत्र, आणि या नळ्यांत एकेक. खाणं तेच, हवा तीच. पण एकटं ठेवलेलं चिलट नीट झोपत नाही, लवकर म्हातारं होतं, लवकर मरतं. का, सांग बघू?’

मला विचारतात! मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, ‘त्याला न्यायला कोणी येत नसेल.’

मी कधी असं बोलत नाही, त्या दिवशी बोलून गेले. हे हसले नाहीत. बाटली सोडून माझ्याकडेच बघत राहिले, मग हळूच म्हणाले, ‘तू झोपतेस ना नीट?’

‘नाही.’

रिक्षात यांचा विचार चालला होता. जेवतानाही. मला दिसत होतं ना! कुणाला सांगू नका, मला इतकं बरं वाटलं... म्हटलं, पोचलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत दारात रिक्षा. हे! उजेडात! मी धावत केस सारखे केले, चहाचं आधण ठेवलं, कोणती साडी नेसायची तेसुद्धा ठरवलं, मांडवीला बंदरावर फिरायला न्यायचं असेल म्हणून. हे आत आले ते हातात मोठा खोका घेऊन. टेबलावरचा आमचा लग्नाचा फोटो जपून बाजूला सरकवला आणि एकेक बाटली मांडायला लागले. ‘तुझं कालचं अगदी पटलं मला,’ म्हणाले, ‘एकटं ठेवणं बरं नाही. ही आता तुझ्यापाशी राहू देत.’

चहा उभ्याउभ्याच प्यायले, रिक्षा थांबवून ठेवली होती ना, कॉलेजातल्या नळ्या बघायच्या राहिलेल्या. माणूस चांगला, म्हणते ना मी... दारातून परत वळून, अगदी मनापासून काळजीने विचारलं हो, ‘आता सोबत झाली ना तुला?’

‘झाली,’ म्हटलं. खोटं कशाला बोलू? शे-दीडशे तरी असतील.